झाडांवर सोडलेलं पाणी

"बाबा, झाडांना पाणी मारलं का हो?" सूनबाईंनी आतून विचारलं आणि बाल्कनीत चहा पीत बसलेल्या मास्तरांना जोरदार ठसका लागला.

"पाणी मारतात ते गाडीवर. नाहीतर नव्या प्लास्टरवर," ठसका आवरत मास्तर म्हणाले. "झाडांना पाणी घालतात."

"बरं, घातलं का?"

"मी कशाला घालू? तुझी झाडं आहेत."

"तसं नाही हो, मी आपलं म्हटलं की तुम्ही..."

"'आपलं म्हटलं' काय? कर्ता कुठाय या वाक्यात?"

सूनबाईंनी वाक्य तिथेच सोडलं, स्वतः येऊन पाणी घातलं आणि दवाखान्यात निघून गेल्या. त्या दातांच्या डॉक्टर. लोकांना दिवसभर 'आ करा' म्हणत असत, पण घरी त्यांनी आ केला की मास्तर आधी व्याकरण तपासत.

मास्तरांनी जन्मभर शाळेत भाषा शिकवली होती. शाळेने त्यांना निवृत्त केलं होतं, त्यांनी शाळेला केलं नव्हतं. इमारतीच्या लिफ्टमध्ये 'कृपया दार बंद करावे ही विनंती' अशी पाटी होती. कृपया आणि विनंती एकत्र कशाला, म्हणून मास्तरांनी आल्या आल्या एक शब्द पेन्सिलीने खोडला होता. बिचाऱ्यांना दुसरं करायला काही नव्हतंच हो! गुडघे कुरकुरायला लागले म्हणून आपलं बैठं घर आणि त्यापुढचं अंगण सोडून ते मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. इथे त्यांना खोली होती, खिडकी होती, वेळेवर जेवण होतं. फक्त काम नव्हतं. काही उचलायला गेले की चिरंजीव म्हणत, "बाबा, राहू द्या, तुम्ही बसा." मास्तर बसत. बसून बसून माणूस किती बसणार?

ते आल्यानंतर थोड्याच दिवसांत सूनबाईंनी बाल्कनीच्या भिंतीवर काळं जाड कापड टांगलं होतं. त्याला ओळीने खिसे शिवलेले आणि खिशाखिशात माती आणि रोप. पालक, पुदिना, फर्न, लांब पात्यांची स्पायडर प्लांट आणि मधोमध एक स्ट्रॉबेरी. सूनबाई या सगळ्याला व्हर्टिकल गार्डन म्हणत. मास्तरांनी त्याचं नाव 'उभी बाग' ठेवलं, पण बोट म्हणून लावलं नाही. सुनेचं घर, सुनेची हौस, आपण कशाला नाक खुपसायचं? ते रोज सकाळी चहा घेऊन बागेसमोर बसत आणि आजूबाजूला कोणी नाही असं बघून स्ट्रॉबेरीशी गप्पा मारत. स्ट्रॉबेरीला कधी फळ धरलं नव्हतं. पण ती मधे बोलत नसे आणि चुकीचं तर मुळीच बोलत नसे, त्यामुळे मास्तरांचं तिच्याशी छान जमे.

बागेच्या माथ्यावर एक नळी होती. तिची तोटी फिरवली की पाणी वरच्या खिशांतून झिरपत झिरपत खालच्या खिशांत येई आणि तिथून तळाच्या पन्हळीत. तोटी बंद करायला उशीर झाला की पन्हळ भरे आणि पाणी थेट खालच्या मजल्यावर, वकीलबाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. मग वकीलबाई वर येत. येताना पुरावा घेऊन येत.

"ही माझी पांढरी चादर," एका संध्याकाळी त्या म्हणाल्या. "आणि हा डाग."

"याला ओघळ म्हणतात," मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्ही साक्षीदार आहात की आरोपी ते आधी ठरवा!"

वकीलबाई गेल्यावर सूनबाई सोफ्यावर धपकन बसल्या. "वैताग आलाय मला या झाडांचा. पानांवर पांढरा मावा पडतोय, तो पुसत बसा. खालून यांची बोलणी खा. एक दिवस उचलून देऊन टाकते सगळी!"

आपल्या खोलीत पेपर वाचणाऱ्या मास्तरांनी हे ऐकलं. ऐकून त्यांना वाईट वाटलं. पण सुनेची झाडं, सुनेचा वैताग. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सूनबाई परगावी दातांच्या डॉक्टरांच्या परिषदेला गेल्या. निघताना टॅक्सी खाली भोंगा वाजवत होती, त्या गडबडीत बागेचं सांगायचं राहिलं. ते त्यांना आठवलं दुपारी, परिषदेच्या सभागृहात. नवरा ऑफिसच्या मीटिंगमध्ये, फोन उचलेना. मग त्यांनी मास्तरांना फोन लावला.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण सगळा घोटाळा इथेच झाला आणि त्यात सूनबाईंची काडीची चूक नव्हती. त्या 'पाणी मारा' म्हणणार होत्या. ते जिभेवर आलेलं त्यांनी गिळलं. मग 'पाणी टाका' आठवलं, पण त्यावरून मागे एकदा जेवणभर व्याख्यान झालं होतं. शेवटी त्यांना तोटी आठवली. तोटी फिरवली की पाणी सुटतं. म्हणजे आपण ते सोडतो. हा शब्द बिनचूक असणार, असं ठरवून त्या म्हणाल्या, "बाबा, तुम्हाला त्रास नसेल तर एक काम कराल?"

"सांग की!" मास्तर खुर्चीतून उठलेच.

"त्या झाडांवर पाणी सोडा."

मागे कोणीतरी माइकवर 'हॅलो, हॅलो' करत होतं. "काय म्हणालीस?"

"झाडांवर! पाणी! सोडा!" सूनबाई ओरडल्या आणि फोन कट झाला.

मास्तर फोन हातात धरून उभेच राहिले. पाणी सोडणे म्हणजे आशा किंवा हक्क कायमचा सोडून देणे, वाक्यात उपयोग करा. हा प्रश्न त्यांनी इतक्या वर्गांना घातला होता की बाकांनासुद्धा उत्तर पाठ असेल. माणूस इस्टेटीवर पाणी सोडतो, बढतीवर पाणी सोडतो. झाडांना पाणी घालतात आणि झाडांवर पाणी सोडलं, म्हणजे संपलं! उपयोग अगदी चोख होता. त्या दुःखातही मास्तरांना सुनेचं कौतुक वाटलं.

"बिचारी पोर," ते स्ट्रॉबेरीला म्हणाले. "स्वतःच्या हाताने होईना म्हणून मला सांगितलं."

आणि खरं सांगायचं तर त्यांना मनातून थोडं बरंही वाटलं. या घरात आल्यापासून कोणी त्यांना काम सांगितलं नव्हतं. हे पहिलंच, आणि तेही एवढं नाजूक. ते नीटच झालं पाहिजे. झाडं अशी कचऱ्यात नाही टाकायची. चांगली स्थळं बघून द्यायची.

पहिलं स्थळ समोरच्या दारातच मिळालं. तिथे व्यायामशाळा चालवणारा एक तरुण राहत असे. दंड बघून अख्खी इमारत त्याला पैलवान म्हणे. पालक आणि पुदिना बघून त्याचे डोळे भरून आले.

"सगळा मला? मास्तर, खरंच?"

"नीट सांभाळ बाबा."

"जिवापाड!" पैलवान म्हणाला आणि त्याने पालकाकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा अर्थ मास्तरांना त्या वेळी कळला नाही.

लांब पात्यांची स्पायडर प्लांट सोसायटीच्या सचिवांकडे गेली. त्यांना सगळे नियमकाका म्हणत. आधी त्यांनी झाडांना कीड नाही ना ते बघितलं, मग आपल्याकडे जागा आहे का ते बघितलं आणि मग स्वीकारली. उरली फर्न. ती घेऊन मास्तर तिसऱ्या मजल्यावर उतरले.

वकीलबाईंनी दार उघडलं, आधी फर्नकडे आणि मग मास्तरांकडे पाहिलं. "यात काय अट आहे?"

"काही नाही. आमच्या सूनबाईंनी झाडांवर पाणी सोडलं. ही तुमच्याकडे सुखात राहील."

वकीलबाई एकदम विरघळल्या. "अगंबाई! एवढं मनाला लावून घेतलं का तिने? मी चादरीसाठी बोलले हो, झाडांशी माझं काही वैर नाही." आणि फर्न कुशीत घेऊन त्या आत गेल्या.

भिंतीवर आता एकटी स्ट्रॉबेरी राहिली. मास्तरांनी तिला खिशातून काढलं, दारापर्यंत नेलं, परत आणलं. पुन्हा नेलं, पुन्हा आणलं. शेवटी इकडेतिकडे बघत त्यांनी ती एका जुन्या मगात लावली आणि आपल्या खोलीच्या खिडकीत पडद्यामागे ठेवली. एका रोपाने असं काय बिघडतंय, असं म्हणून त्यांनी हात धुतले.

संध्याकाळी पुन्हा फोन वाजला.

"बाबा, सोडलं ना पाणी?"

"सोडलं," मास्तर जड आवाजात म्हणाले.

"सगळ्या झाडांवर?"

"हो." पडद्याकडे बघत मास्तर थोडे अडखळले. "सगळ्याच म्हणायला हरकत नाही."

"वरच्या ओळीकडे दुर्लक्ष होतं हो नेहमी."

"वरच्या ओळीवर तर आधी सोडलं. जिवावर आलं होतं, पण तुझा शब्द मोडवेना."

सूनबाईंना भरून आलं. पाणी सोडायचं एखाद्याच्या एवढं जिवावर का यावं ते त्यांना कळलं नाही, पण गुडघ्यांमुळे असेल. "थँक यू बाबा. पण आता उद्या सकाळी पुन्हा एकदा सोडायचं हं."

"पुन्हा?" मास्तर गोंधळले. "अगं, एकदा सोडलं की सोडलं!"

"असं कसं? रोज सोडायला लागतं. तोटी फिरवायची, जरा वेळ ठेवायची आणि पन्हळ भरायच्या आत बंद करायची."

"तोटी?"

"नळीची हो."

मास्तरांनी फोन कानाशी धरूनच रिकाम्या भिंतीवरच्या नळीकडे पाहिलं.

"बाबा? ऐकू येतंय ना?"

"येतंय," मास्तर म्हणाले. "आत्ता आत्ता यायला लागलंय."

"मी उद्या संध्याकाळी पोचते हं," म्हणून सूनबाईंनी आनंदाने फोन ठेवला.

चिरंजीव ऑफिसमधून आले तेव्हा मास्तर रिकाम्या भिंतीसमोर बसले होते. चिरंजिवांनी सगळी हकिगत ऐकली आणि ते खुर्चीच्या पाठीला धरून हसत सुटले. हसता हसता त्यांचं वडिलांच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि हसू जागच्या जागी थांबलं.

"हस तू," मास्तर म्हणाले. "एक काम सांगितलं होतं रे तिने मला. वर्षभरात एकच! आता या घरात मला कोणी दाराची कडी काढायलासुद्धा सांगणार नाही. 'बाबा, तुम्ही बसा.' झालं!"

"असं काही होणार नाही. उद्या मला सुट्टी आहे. ती यायच्या आत सगळी झाडं परत आणू."

बोलायला सोपं होतं. सकाळी बापलेक आधी पैलवानाकडे गेले. दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात एक उंच ग्लास होता आणि ओठांवर हिरवी मिशी.

"पालक?" मास्तरांनी विचारलं.

पैलवानाने मान खाली घालून ग्लासकडे बोट दाखवलं.

"आणि पुदिना?"

"तोसुद्धा यातच आहे, मास्तर. तुम्ही म्हणालात नीट सांभाळ, म्हटलं पोटात ठेवण्याइतकं नीट कुठे ठेवणार!"

नियमकाकांकडे तर त्याहून कठीण प्रसंग. स्पायडर प्लांट त्यांनी खाली प्रवेशदाराशी ठेवली होती आणि वर पाटी लावली होती, 'सोसायटीची मालमत्ता. हात लावू नये.'

"काका, चुकून दिली. परत हवीयेत," चिरंजीव म्हणाले.

"द्यायला माझी ना नाही. पण मालमत्ता हलवायची तर समितीची सभा घ्यावी लागेल. सभेला गणसंख्या लागेल. मागच्या सभेला मी एकटाच होतो."

"मग पुढची कधी?"

"मागची पूर्ण झाल्यावर."

राहिल्या वकीलबाई. त्यांनी फर्न आपल्या बाल्कनीत बरोबर चौथ्या मजल्याच्या पन्हळीखाली टांगली होती. मास्तरांनी घसा खाकरून सगळं सांगितलं. शब्दाचा अर्थ कसा फिरला ते उदाहरणांसह सांगितलं. वकीलबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर, काल तुम्ही या दारात उभं राहून काय म्हणालात? सूनबाईंनी झाडांवर पाणी सोडलं. बरोबर?"

"बरोबर, पण..."

"पण नाही आणि बिण नाही. एकदा हक्कावर पाणी सोडलं की सोडलं. मी हिचं नावसुद्धा ठेवलंय."

वाक्यात उपयोग इतका बरोबर होता की मास्तरांची मान आपोआप डोलली. ते मुकाट जिना चढून वर आले.

रोपवाटिका त्या दिवशी बंद होती. शेवटी पैलवानच मदतीला धावला. पोटात गेलेल्या पालकाची त्याला टोचणी लागली होती. व्यायामशाळेच्या काउंटरवर प्लास्टिकच्या वेली होत्या, त्या तो खांद्यावर टाकून घेऊन आला. तिघांनी मिळून धूळ पुसली आणि वेली खिशाखिशात खोचल्या. खरं वाटावं म्हणून चिरंजिवांनी तोटी फिरवून वरून थोडं पाणीही शिंपडलं. लांबून बाग बरी दिसत होती. फार लांबून.

संध्याकाळी सूनबाई आल्या, बॅग दारात ठेवली आणि चपला काढायच्या आधी बाल्कनीत गेल्या. मास्तर पडद्याआड, चिरंजीव मास्तरांच्या आड. सूनबाईंनी भिंत खालपासून वरपर्यंत बघितली. मग एक पान दोन बोटांत धरून, वाकून, रोग्याच्या तोंडात बघावं तसं बघितलं.

"बाबा," त्या म्हणाल्या, "ही कवळी आहे."

"कवळी?"

"खोटे दात आणि खोटी पानं मला एका नजरेत कळतात. माझी झाडं कुठायत?"

मास्तर पुढे झाले. चिरंजीव काहीतरी रचून सांगणार होते, पण मास्तरांनी त्यांना हाताने थांबवलं आणि होतं तसं सगळं सांगून टाकलं. ग्लासातला पालक सांगितला, पाटी सांगितली, नाव ठेवलेली फर्न सांगितली. शेवटी म्हणाले, "माझ्या शहाणपणाने माती खाल्ली, सूनबाई. तू बोललीस ते बरोबर होतं. मी ऐकलं ते चूक. मला माफ कर."

सूनबाई खुर्चीत बसल्या. आधी त्यांचे खांदे हलले, मग डोळ्यांना पाणी आलं आणि मास्तर घाबरून पुढे सरकले, तेव्हा कळलं की त्या हसतायत. हसू आवरल्यावर त्यांनी विचारलं, "आणि स्ट्रॉबेरी? ती कोणाला दिलीत?"

चिरंजीव वडिलांकडे बघायला लागले. मास्तरांनी खाली बघत खोलीकडे बोट दाखवलं. सूनबाई आत गेल्या, पडदा सरकवला आणि तो जुना मग हातात घेऊन बाहेर आल्या.

"हिच्यावर नाही का सोडलंत पाणी?"

"हिच्यावर नाही सोडवलं गं," मास्तर म्हणाले. "सकाळचं बोलायला कोणीतरी लागतं."

सूनबाईंनी तो मग हळूच टेबलावर ठेवला. "बाबा, मला झाडांचं काय कळतं? मला दातांचं कळतं. तुमचं अंगण सुटलं म्हणून ही भिंत तुमच्यासाठी लावली होती मी. तुम्ही हातच लावेनात. मला वाटलं आवडली नाही. पण रोज सकाळी तिच्यासमोर जाऊन बसायचात, म्हणून म्हटलं राहू दे. नाहीतर मी केव्हाच पाणी सोडलं असतं. तुमच्या अर्थाने!"

मास्तर समोरच्या खुर्चीत टेकले. "माझ्यासाठी? आणि मी आपला तुझी हौस म्हणून वर्षभर हात बांधून बसलो! अगं, मग सांगायचंस ना!"

"रोज सकाळी तेच सांगायला जायचे, बाबा. 'तुम्ही घालाल का' म्हणून. तुम्ही माझं एक वाक्य पूर्ण होऊ देता का?"

यावर चिरंजीवसुद्धा हसले नाहीत. मास्तरांनी चष्मा काढून जुन्या रुमालाने उगाच पुसला. मग ते उठले आणि एकेक करून प्लास्टिकच्या वेली खिशातून उपसू लागले. "राहू द्या बाबा, तुम्ही बसा," असं चिरंजीव म्हणायला गेले, तेव्हा सूनबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं.

सकाळी स्ट्रॉबेरी मधल्या खिशात परत बसली होती. बाकीचे खिसे रिकामे होते आणि त्यात काय काय लावायचं यावर मास्तर तिच्याशी सल्लामसलत करत होते. एवढ्यात खालून हाक आली. वकीलबाई आपल्या बाल्कनीतून मान वर करून उभ्या होत्या.

"अहो मास्तर! हा काय प्रकार आहे? तुमच्याकडून आज एक थेंब गळला नाही. मी फर्न मुद्दाम तुमच्या पन्हळीखाली टांगली आणि तुम्ही गळायचं बंद केलंत? आमची सुकायला लागली ना! सोडा बघू पाणी!"

मास्तर तोटीशी गेले. हात तोटीवर ठेवला आणि थबकले. एकदा हात पोळले होते. कठड्यावरून वाकून त्यांनी विचारलं, "वकीलबाई, वाक्य स्पष्ट करा. सोडा म्हणजे चालू करा, की..."

"बाबा!" स्वयंपाकघरातून सूनबाई ओरडल्या. "आधी तोटी, मग व्याकरण!"

मास्तरांनी तोटी फिरवली. पाणी वरून झिरपलं, स्ट्रॉबेरीला भिजवून पन्हळीत आलं, पन्हळ भरली आणि खालून वकीलबाईंचा "हां, आता कसं!" असा आवाज आला. मास्तर मोठ्या समाधानाने आत वळले आणि घरभर ऐकू जाईल एवढ्या खणखणीत आवाजात म्हणाले, "सूनबाई, झाडांना पाणी मारलं गं!"